मेजरांच्या नावाचे दाखले

त्या प्रकरणाचे कागद मी कधीच जमा केले, पण ते मनातून गेलेलं नाही. मी तेव्हा आष्टा भागात पोलीस अधिकारी म्हणून नेमणुकीला होतो. एका नव्या घरात गीझरचा शॉक बसून तरुण सून गेली. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्यात दिसलं, की अर्थिंगची तार भिंतीतच संपली होती, जमिनीपर्यंत गेलीच नव्हती. तरी वायरिंग सुरक्षित असल्याचा दाखला घरात होता. त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही होती.

हे ठेकेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले इलेक्ट्रिशियन. गाव त्यांना मेजर म्हणे. मी त्यांना ठाण्यात बोलावलं.

"सही माझ्यासारखी हाय, साहेब. पर माझी न्हाई."

असं सगळेच म्हणतात. मी विश्वास ठेवला नाही.

दोन दिवसांनी एका झेरॉक्सवाल्यानं हळूच सांगितलं, की वीजजोडणीची कागदपत्रं करून देणारा एक एजंट याच सहीचे कोरे फॉर्म काढून नेतो. एजंटाच्या घरझडतीत आणखी अकरा घरांच्या दाखल्यांच्या प्रती मिळाल्या. तो मात्र एकच सांगत राहिला, "सह्या मेजरच करून देत्यात."

शेवटी दोघांना समोरासमोर बसवलं. मेजरांनी चष्मा लावून एकेक कागद पाहिला.

"ह्ये घर उसाच्या रानात, काळ्या वल्या जमिनीत. ह्ये वर माळावर, कोरड्या मुरमात. अन् अर्थिंगचं रीडिंग दोन्हीकडं एकच? जमीन बदलली की रीडिंग बदलतंय. खरंच मीटर लावून मोजणारा असं लिहील व्हय?"

एजंटाची मान खाली गेली. थोड्याच वेळात त्यानं कबुली दिली.

माझ्या लेखी तपास लागला होता. मेजर मात्र उठून उभे राहिले.

"त्या अकरा घरांचं काय, साहेब?"

भर उन्हात आम्ही जीपनं निघालो. माळावरच्या मेंढपाळाच्या नव्या घरात बाळंतिणीसाठी गीझरमध्ये पाणी तापत होतं. मेजरांनी नळाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला; नळात वीज उतरली होती.

"आवं, कुनी हात लावू नगा!" ते ओरडले आणि धावत जाऊन त्यांनी मेन स्विच पाडला.

मग ते उंबऱ्यावर बसले. मी म्हणालो, "मेजर, तुमचा यात काही दोष नाही."

"दोष नसंल. पर ह्या लोकांनी नाव माझं वाचलं हुतं."

अकराही घरं तपासून होईतो त्यांनी कुठं चहासुद्धा घेतला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढं बनावट कागदाचा कोणताही गुन्हा आला, की आरोपी पकडायला माणसं धाडण्याआधी मी ठाण्यात विचारायचो, "या कागदाच्या भरवशावर आत्ता कोण राहतंय?"