भाकरी-ठेच्याची परीक्षा

आजारपणावर माझ्या आत्याइतका अविश्वास असलेलं माणूस सगळ्या देवपुरात दुसरं नव्हतं. ताप, पोटदुखी, डोकेदुखी हे सगळं गणिताच्या तासापायी जन्माला येतं, अशी तिची ठाम समजूत. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या त्या घरात कुणी शाळेत जायचं आणि कुणी घरी राहायचं याचा निकाल तीच द्यायची. आईसुद्धा मध्ये बोलत नसे. कपाळाला हात लावायचा आणि पोरापुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवायचा, एवढीच तिची परीक्षा. खाल्लं तर दप्तर, नाही खाल्लं तर अंथरूण. "ज्याले ठेचा गोड लागस, त्याले ताप नही," असं ती म्हणे. गल्लीतल्या आया आपली कण्हणारी पोरं सकाळी सकाळी तिच्यापुढे आणून उभी करत. मी एकदा पोट धरून फर्मास नाटक केलं होतं, पण ठेच्यावर सोडलेल्या कच्च्या तेलाचा वास आला आणि माझा हात आपोआप ताटात गेला. आत्याने दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं.

ही सगळी परीक्षा शाळा चुकवणाऱ्यांसाठी होती. जिला शाळेत जायचंच आहे अशी पोरगी त्यात कुणी धरलीच नव्हती. माझी धाकटी बहीण मंगल तशी होती. ती आत्याजवळ झोपायची, आत्याच्या हातानेच वेणी घालून घ्यायची. एके दिवशी सगळ्या शाळेपुढे प्रतिज्ञा म्हणायचा मान तिला मिळाला होता, आणि आठवडाभर ऐकून ऐकून निरक्षर आत्याचीही प्रतिज्ञा पाठ झाली होती. सकाळी मंगल उठली ती उतरलेल्या चेहऱ्याने. आत्याने कपाळाला हात लावला, तर अंग जेमतेम कोमट. तरी शंका नको म्हणून तिने ताट मांडलं. मंगलने घासामागे घोट पाणी पीत सगळी भाकरी संपवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आत्याचा ठेचा खाताना ते कुणाच्या वाहत नसे?

"माले काही व्हत नही," ती म्हणाली. "मी शाळामा जास."

आत्याने स्वतः तिच्या रिबिनी बांधल्या.

शाळेत तिचा आवाजच फुटला नाही. बाई तिला रिक्षातून घरी घेऊन आल्या, आणि त्याच रिक्षाने वडील तिला पांझरेच्या पुलावरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. घटसर्प होता. रोग घशात आधीपासूनच बसला होता, एका सकाळने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मंगल त्याच आठवड्यात गेली. डॉक्टरांचं म्हणणं आम्ही सगळ्यांनी आत्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडे बघत म्हणायची, "तिनी बठ्ठी भाकर खादी व्हती."

आमच्या घरात पुन्हा ठेचा झाला नाही. आत्याने वडिलांची बॅटरी आपल्याकडे घेतली आणि रोज सकाळी ती चमचा घेऊन दारात बसू लागली. कुणी नुसतं कण्हलं तरी त्याला अंथरूण मिळे. बळी जायचा तो धडधाकटांचा. हसतखेळत निघालेल्या पोराला धरून ती घसा बघायची, आणि जो मुकाट्याने ताट संपवी त्याचा तर दोनदा. आमच्या गल्लीतली पोरं शाळेत उशिरा येतात याबद्दल मास्तरांनी तक्रार केली, पण तिला सांगायला कुणी गेलं नाही. पाचोऱ्याहून आलेल्या आमच्या थोरल्या जावयांनीही एकदा टोपी सावरत तिला घसा दाखवला होता.

पुढे मी नोकरीसाठी जळगावला गेलो. तिला शेवटचं भेटलो तेव्हा तिला दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मी निघतो म्हणालो, तशी तिने उशाखालची बॅटरी चाचपून काढली.

"आ कर."

केस पांढरे व्हायला लागलेला मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो आणि तोंड उघडलं. बॅटरीतले सेल केव्हाच संपलेले होते. ती माझ्या घशात बराच वेळ बघत राहिली. मीही तोंड मिटलं नाही.

"जाय," ती शेवटी म्हणाली. "तू बरा शेस."