मागच्या पानावरची खुर्ची

लातूरच्या एमआयडीसीत दामिनी बिराजदारला बरेच लोक ‘खुर्चीवाली मॅडम’ म्हणतात. कौतुकानंच म्हणतात बिचारे, पण ते नाव कानावर पडलं की तिचं तोंड कडू होतं. खुर्च्या तिनं उभ्या आयुष्यात दोनच केल्या. पहिली शहरभर गाजली, आणि त्या खुर्चीची तिला आजही शिसारी येते.

भूकंपात त्यांचं गाव भुईसपाट झालं तेव्हा दामिनी नऊ वर्षांची होती. आईबाप आणि ती वाचली, चुलत्याच्या घरातलं कुणी वाचलं नाही. पुढची दोन-अडीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तिचे वडील नागप्पा शेतकरी माणूस, पण पुनर्वसनाच्या बांधकामावर जाऊन वेल्डिंग शिकले आणि त्यातच रमले. नवं घर मिळालं तेव्हा आई, शिवकांता, घरभर फिरली आणि दारात येऊन उभी राहिली. स्वयंपाकाचा ओटा अशा कोपऱ्यात होता की धूर थेट देवघरात जावा. शहरातून आलेल्या इंजिनियरनं नकाशा उलगडून दाखवला. आई म्हणाली, “नकाशा चांगला हाय हो. पन राहनार मी. मला कुनी इचारलंच न्हाई.”

दामिनीनं पुढं पुण्याला जाऊन वस्तूंच्या डिझाइनचं शिक्षण घेतलं. आईचं हे वाक्य तिनं पहिल्याच वर्षी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. परत आल्यावर वडिलांनी एमआयडीसीत टाकलेल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्येच तिनं टेबल मांडलं. नांदेडचा आलोक कुरुंदकर तिचा वर्गमित्र. इलेक्ट्रॉनिक्सची बाजू त्यानं घेतली. डाळमिलच्या पट्ट्यात बायकांची बोटं सापडू नयेत म्हणून जाळी, कंबर न मोडणारी ट्रॅक्टरची सीट, अशी कामं दोघं करायचे. कामं छोटी, पण वापरणारा माणूस समोर बसलेला असायचा.

तोवर लातूर पार बदललं होतं. भोकर, हिमायतनगर, धर्माबाद, कुठून कुठून पोरं यायची. एका खोलीत चार-चार कॉट, भिंतीवर वेळापत्रक. चौकाचौकात गुणवंतांचे चेहरे टांगलेले. हे चेहरे दरवर्षी बदलायचे आणि त्यांच्या शेजारचा संचालकांचा चेहरा तेवढा कायम राहायचा.

असाच एक चेहरा प्रज्ञाशिखर क्लासेसच्या रेणुकादास सरांचा. दोन हजार चौदा साली ते स्वतः शेडमध्ये आले. त्यांनी स्पर्धा काढली होती, ‘कल्पना मुलांची, निर्मिती तज्ज्ञांची’. आठवी-नववीच्या मुलांनी शोध सुचवायचे, आणि त्यातले निवडक दामिनी-आलोकनं चालत्या मॉडेलच्या रूपात उभे करायचे. मग पालकांसमोर प्रदर्शन.

दामिनी हरखली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी पोरांच्या डोक्यातलं काही मागत होतं. ती म्हणाली, “सर, मला आधी मुलांना भेटू द्या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय नुसत्या चित्रावरून काही कळत नाही.”

“मॅडम, एकेका मुलामागं अर्धा तास गेला तर सिलॅबस कुठं जाईल?” सर हसले. “मी झेरॉक्स पाठवतो ना. सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे.”

इथं दामिनीनं नको म्हणायला हवं होतं. तिनं मान हलवली.

झेरॉक्सचा गठ्ठा आला. तो चाळता चाळता तिला वीट आला. सूत्रं दाखवणारा पेन, सूत्रं बोलणारी उशी, सूत्रं छापलेला टॉवेल. पोरांनी शोध लावला होता की शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिला होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यात एक कागद वेगळा निघाला. एक लाकडी खुर्ची, तिच्यात मान खाली घातलेली मुलगी, खुर्चीभोवती नागमोडी रेषा. खाली लिहिलं होतं, ‘डोळा लागला की खुर्ची जोरात हलते.’ नाव मनस्विनी, इयत्ता आठवी, गाव भोकर.

“ही पोरगी भन्नाट आहे,” आलोक म्हणाला. “बाकीच्यांना सूत्रं पाहिजेत, हिनं थेट झोपेलाच हात घातला.”

दोघांनी मन लावून ती खुर्ची केली. डोक्याला बांधायच्या पट्ट्यात एक छोटा स्विच बसवला. मान झुकली की तो लागायचा, सीटखालची मोटर फिरायची आणि तिच्या टोकाला मुद्दाम एकाच बाजूला लावलेलं वजन अख्खी खुर्ची गदागदा हलवायचं. पहिल्या चाचणीला ती दोघं पोट धरून हसली. मग दामिनीनं नागप्पांना बोलावलं, “अप्पा, बसून बघा की.”

नागप्पा बसले. तिनं सांगितलं तशी त्यांनी मान खाली घातली. खुर्ची हलली. फरशीवर ठेवलेले नट पिळायचे पाने थरथरले, पत्रा वाजला. नागप्पा पट्टा ओरबाडून उठले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

“बंद कर. आधी बंद कर ते.”

“अप्पा, मोटर आहे नुसती.”

“मला ठाव हाय मोटर हाय. मी काय येडा हाय का?” त्यांचा श्वास लागला होता. “कुनी मागितलं हे?”

“आठवीतल्या मुलीनं.”

“लेकरू आसं मागंल? झोपल्यावर मला हलवा म्हनून?” ते बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दामिनीनं मोटरचा वेग कमी केला आणि मनातली बोच दाबून टाकली. चार दिवसांनी रेणुकादास सर बघायला आले तेव्हा म्हणाले, “छान! पण जरा हळू हलते. वाढवा थोडी.” तिनं वाढवली.

प्रदर्शनाच्या आधीच्या गुरुवारी ती खुर्ची घेऊन क्लासला गेली. दुपारी जेवणानंतरची अभ्यासिका चालू होती. शंभरेक पोरं पुस्तकावर वाकलेली, पंखे गरम हवा ढवळत होते. एका मुलाची मान हळूहळू झुकत गेली. मागून देखरेखीवरचे शिक्षक आले, दोन्ही हातांनी त्याच्या खुर्चीची पाठ धरली आणि इतक्या जोरात हलवली की पोराचे दात एकमेकांवर आपटले. कुणी वर पाहिलं नाही.

दामिनी मागं सरून व्हरांड्यातल्या आपल्या खुर्चीपाशी आली.

तेवढ्यात मनस्विनीला बाहेर आणलं. चणीनं लहान, वेणी घट्ट, डोळ्यांखाली काळं. तिनं व्हरांड्यातल्या खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि तिचा चेहरा पडला.

“आवडली नाही का गं?” दामिनीनं विचारलं.

“मॅडम, हे तर पुढचं पान आहे. मागचं नाही केलं?”

“कुठलं मागचं?”

“पुढं समस्या लिहायची होती आणि मागं उपाय. सर येऊन खुर्ची हलवतात, ती समस्या आहे माझी.” तिनं अभ्यासिकेच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “हात मी पेन्सिलनं फिका काढला होता. सर ओळखू येऊ नयेत म्हणून.”

दामिनी ऑफिसात गेली आणि फाईलमधला मूळ कागद मागून घेतला. झेरॉक्सवर न उमटलेला हात तिथं होता, खुर्चीची पाठ धरलेला. तिनं कागद उलटला. मागं तीच खुर्ची, पाठ थोडी कललेली, मुलगी झोपलेली. खाली लिहिलं होतं, ‘खुर्चीने दहा मिनिटं झोपू द्यावं. मग पाठ हळूहळू सरळ करावी. ओरडू नये.’

ती कागद घेऊन सरांकडे गेली. त्यांनी तो वाचला, आणि त्यांना जराही धक्का बसला नाही. म्हणजे हे पान त्यांनी आधीच पाहिलं होतं आणि झेरॉक्स काढताना मुद्दाम वगळलं होतं.

“मॅडम, खरं सांगू? पुढचंच जास्त चांगलं आहे. पालक इथं मुलं झोपायला पाठवत नाहीत.”

“अहो, तिनं तुमची तक्रार लिहिली आहे! आणि आम्ही तिच्या तक्रारीचं यंत्र करून बसलो!”

“तक्रारीतूनच शोध लागतात,” सर म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला.

त्या माणसाची तिला किळस आली. पण रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, किळस त्या एका माणसाशी थांबत नाहीये. मोटर तिनं बसवली होती. वेग तिनं वाढवला होता. आईला न विचारता ओटा बांधणारा तो इंजिनियर आणि ती, फरक काय राहिला?

पुढचे दोन दिवस तिनं आणि आलोकनं मागच्या पानावरची खुर्ची केली. जुन्या बसच्या सीटची कललेली पाठ, तिच्यामागं स्प्रिंग, आणि दहा मिनिटांनी पाठ सावकाश वर आणणारी लहानशी मोटर. नागप्पांनी सगळं वेल्डिंग स्वतः केलं.

रविवारी हॉलमध्ये हलणारी खुर्ची मधोमध, फुलांच्या माळा घालून. फलकावर मनस्विनीचा हसरा फोटो, ‘आमच्या विद्यार्थिनीचा शोध’. दुसरी खुर्ची सरांनी मांडू दिली, पण खांबाच्या मागं, पाण्याच्या जारजवळ. लोक तिच्यावर पिशव्या ठेवत होते.

मधल्या खुर्चीला रांग लागली. आईबाप आपापल्या पोरांना पट्टा बांधून बसवत होते, मान खाली घाल म्हणत होते, आणि पोर गदागदा हललं की टाळ्या वाजवत होते. एक गृहस्थ पुढं आले. “मॅडम, घरी वापरायला मिळेल का? आणि हे अजून वाढवता येईल ना? आमचा लई गाढ झोपतो.” खुर्चीतला त्यांचा मुलगा ओठ दाबून रडू आवरत होता.

दामिनीनं पोराच्या डोक्यावरचा पट्टा सोडला. त्याला उठवलं. मग गुडघ्यावर बसून तिनं सीटखालच्या सगळ्या वायरी एका हिसक्यात उपसून काढल्या.

“हा शोध नाही,” ती उठून म्हणाली. “ही या मुलीची तक्रार आहे. शोध त्या खांबामागं आहे, त्यावर तुमच्या पिशव्या आहेत.”

रेणुकादास सरांनी माईक हातात घेतला, तांत्रिक बिघाड झाल्याचं सांगितलं आणि सगळ्यांना नाश्त्याकडे जायची विनंती केली. लोक गेले. खांबामागं बघायला कुणीही गेलं नाही.

मनस्विनीची आई, सरोजिनीबाई, भोकरच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी दामिनीला जिन्यात गाठलं. “पहिलं बक्षीस होतं तिचं. तुमच्या तत्त्वापायी गेलं. आता सर तिच्याशी कसं वागतील, ते बघायला तुम्ही येणार आहात का?”

बाईंचा राग चुकीचा नव्हता, हेच दामिनीला जास्त लागलं.

क्लासनं पुढच्या महिन्यात दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून तसल्या हलणाऱ्या वीस खुर्च्या करून घेतल्या. मनस्विनीच्या फोटोचा फलक वर्षभर चौकात होता. दामिनी शेडकडे जायला लांबचा रस्ता धरायची.

दिवाळीच्या सुट्टीला निघालेली मनस्विनी मात्र बॅग घेऊन परस्पर शेडमध्ये आली. भोकरच्या गाडीला तास होता. खांबामागून परत आणलेली खुर्ची शेडच्या कोपऱ्यात होती. “बघू का बसून?” तिनं विचारलं. बसली. पाठ मागं झुकली आणि मिनिटभरात ती झोपली. दहा मिनिटांनी पाठ हळूहळू सरळ झाली. पोरगी उठली नाही. मान एका बाजूला कलली, तोंड उघडं पडलं. आलोकनं तिला हाक मारायला तोंड उघडलं, तर नागप्पांनी डोळ्यांनीच दटावलं. त्यांनी जाऊन ग्राइंडरचं बटण बंद केलं.

गाडी चुकली. संध्याकाळी जाग आल्यावर ती आधी घाबरली आणि मग मान चोळत म्हणाली, “मॅडम, डोकं डावीकडे घसरतं. इथं काहीतरी पाहिजे.” दामिनीनं पेन्सिल तिच्याच हातात दिली.

सरोजिनीबाईंचा फोन आला. दामिनीनं सगळं बोलणं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि पुढच्या गाडीनं नागप्पा स्वतः पोरीला भोकरला पोचवायला निघाले.