लिंबांचा स्फटिक

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर थोरली म्हणाली की तिने या सत्रात सॉलिड स्टेट फिजिक्स घेतलं आहे. मी विचारलं, "स्फटिकरचनेपर्यंत आलात का?" ती म्हणाली, "आजी, तुला हे कुणी सांगितलं?" धाकट्याला तर हसू आवरेना. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला फिजिक्समधलं काही ठाऊक असेल, हे तुम्हा दोघांना पटलेलं दिसलं नाही. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. वाचताना अडलं तर आईला विचारा, पण तिला मध्ये मध्ये भर घालू देऊ नका. ती तेव्हा इथे नव्हती.

वरच्या खोलीत मी एक मुलगी राहायला ठेवली आहे, हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर तुम्ही तिला पाहिलंही आहे, माझ्या मागून जिन्याने गुपचूप वर जाते ती. गाव पाथर्डीच्या पलीकडचं. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मुलगी इथल्या कॉलेजात फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. मला ती पहिल्याच दिवशी आवडली, कारण दोरीवर कपडे घालताना तिने टॉवेल एकीकडे आणि ओढण्या एकीकडे घातल्या.

अभ्यासात हुशार. गणितं अशी सोडवते की मी चहा ठेवून येईपर्यंत पान भरलेलं. पण चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. त्यांच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला वर्गापुढे उभं राहून इंग्रजीत एक सेमिनार द्यावा लागतो आणि त्याचे गुण धरतात. आदल्या वर्षी ती उभी राहिली, "रिस्पेक्टेड सर अँड माय डिअर फ्रेंड्स" एवढं म्हणाली आणि सरांनी बसायला सांगेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. विषय राहिला. यंदा पुन्हा तोच विषय, तोच सेमिनार. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "या साली झालं तर झालं." याचा अर्थ काय ते तिला कळत होतं आणि मलाही.

तेव्हा मी तिचं इंग्रजी हातात घेतलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि मी भाजी निवडता निवडता तिच्या पुस्तकातले प्रश्न विचारायची. उत्तर बरोबर की चूक ते मला कळायचं नाही. पण वाक्याचा कर्ता एकवचनी असेल तर क्रियापद एकवचनी आहे की नाही, यावर माझं बारीक लक्ष असे. याचा परिणाम असा झाला की आधी ती फक्त माणसांना घाबरायची, आता क्रियापदांनाही घाबरू लागली.

मग सरांनी सांगितलं, सेमिनारला स्फटिकाचा एक नमुना करून आणा, म्हणजे समजावायला सोपं जाईल. बाजारात थर्मोकोलचे सारखे गोळे मिळाले नाहीत; मिळाले ते एक बोराएवढा, एक मोसंबीएवढा. ती हिरमुसून परत आली. त्याच आठवड्यात श्रीगोंद्याहून माझ्या नणंदेने लोणच्यासाठी लिंबांचं पोतं धाडलेलं होतं. मी म्हटलं, "अणू गोलच असतात ना? मग हे घे."

आता लिंबं सारखी हवीत. थोरलीचा लहानपणचा चांदीचा वाळा कपाटात आहे, तो काढला. वाळ्यातून जे लिंबू अडत अडत जाईल तेवढंच घ्यायचं; जे सहज जाईल किंवा जाणारच नाही, ते लोणच्याला. अशी आठ लिंबं ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर बसवली. काड्या म्हणून खराट्याचे हीर जोडी जोडीने लावले. नववं लिंबू बरोबर मध्यभागी. ते अधांतरी राहावं म्हणून त्याला आठही कोपऱ्यांकडे दोऱ्याने ताणून बांधलं. दोरा काळा घेतला, कारण पिवळ्यावर पांढरा दिसत नाही. हा सीझियम क्लोराइड नावाचा पदार्थ आहे, त्यात मधला अणू वेगळ्या जातीचा असतो, असं ती म्हणाली. वेगळी जात दाखवायची म्हणजे वेगळा रंग हवा. घरात रंग नव्हता, कुंकू होतं. मी ते तेलात कालवून मधल्या लिंबाला छान जाड थर दिला.

यातली एकेक गोष्ट शास्त्राला धरून होती, हे लक्षात ठेवा.

सेमिनारचा आदला दिवस. ती सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. कुंकू वाळेना, म्हणून मी तो नमुना उन्हात, फाटकाच्या खांबावर नेऊन ठेवला आणि जेवून जरा आडवी झाले. आपलं घर कुठे आहे ते आठवा. तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर. आणि त्या दिवशी अमावास्या होती. कॉलेजचं वेळापत्रक लावणारे पंचांग बघत नाहीत. मीही बघितलं नव्हतं.

जाग आली ती गलक्याने. बाहेर येऊन बघते तर फाटकापासून दूर, पलीकडच्या भिंतीला धरून निम्मी गल्ली रिकाम्या कळश्या, बादल्या घेऊन उभी. पाण्याचा टँकर तिठ्याच्या अलीकडेच थांबलेला आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा.

"अहो, गाडी पुढे घ्या ना," मी म्हटलं.

"न्हाई आजी," तो म्हणाला. "म्या लेकराबाळाचा मानूस हाय. ते आधी उचला, मग गाडी फुडं येईल."

"ते म्हणजे काय?"

त्याने बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी पुढे केली. बोट दाखवलं तरी बाधतं म्हणे.

समोरच्या वहिनी पुढे आल्या. त्या माझ्यापेक्षा लहान आहेत, पण गल्लीतल्या सगळ्या धार्मिक बाबींचा निकाल त्याच देतात. "बाई, घाबरू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणीतरी तुमच्यावर जबर करणी केलीय."

"वहिनी, तो सीझियम क्लोराइड आहे. मी स्वतः केलाय."

वहिनींनी सगळ्यांकडे वळून बघितलं. "बघा. ज्याच्यावर केलेलं असतं त्याला असंच वाटतं."

"मी शुद्धीवर आहे, वहिनी."

"असंही वाटतं."

पुरावा द्यायला मी आत जाऊन उरलेली लिंबं आणि कुंकवाची वाटी घेऊन आले. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. एक बाई तर कळशी तिथेच टाकून घरात गेली. वहिनींनी केरसुणी आणि सुपली मागवली. न शिवता ते उचलायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. भर उन्हाळ्यात नगरात वाहतं पाणी कुठून आणणार, असं मी विचारलं, तर सगळ्यांनी टँकरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या नळाखाली न्हाई हां. आधीच सांगतो."

नेमकी त्याच वेळी ती कॉलेजातून आली. पुस्तकं छातीशी धरलेली. केरसुणी घेतलेल्या वहिनी, मध्ये तिचा नमुना, सभोवती गल्ली. मला वाटलं, ही आता मान खाली घालून जिना चढणार. उद्यासाठी दुसरा करायला ना वेळ, ना माझ्या हातात तेवढा दम.

"हे तुझं आहे का गं?" वहिनींनी विचारलं. "कुठल्या गावची तू? तुमच्याकडे असलं करतात?"

वहिनींनी सुपली पुढे केली आणि केरसुणीने नमुन्याला ढकललं. एक कोपरा निखळला, लिंबू गडगडत ड्रायव्हरच्या पायाशी गेलं आणि तो उडी मारून मागे सरला.

तिने पुस्तकं माझ्या हातात दिली. जाऊन लिंबू उचललं, ओढणीला पुसलं आणि परत काडीला टोचलं. मग ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, तुमचं गाव कोनतं?"

"शेवगावकडं."

"शेती हाय?"

"हाय की थोडी."

"मंग बघा. चार वावरं एका ठिकानी मिळत्यात, तितं बांधावर झाड असलं तर ते कुनाचं?"

"चौघांचं."

"तुमच्या वाट्याला किती?"

"चौथाई."

"ह्ये तसंच हाय. ह्यो ठोकळा म्हंजी एक वावर. ह्याच्या शेजारी असंच दुसरं, तिसरं, चहूकडं वावरंच वावरं. कोपऱ्यावरचं लिंबू समद्यांच्यात सामाईक. मिठाचा खडा असतो ना, त्याच्या आत बी असंच आखून ठिवलेलं असतंय. ह्यो मिठाचाच चुलतभाऊ हाय. करनी न्हाई न् काय न्हाई."

ड्रायव्हर जवळ आला. वाकून बघू लागला. "मंग मधलं?"

"मधलं वावराच्या मधी हाय. त्ये एकट्याचं."

"लाल का?"

"वळखू यावं म्हनून." मग वहिनींकडे वळून, "काकू, तुमी दुसरा रंग द्या, मी त्यो लावते."

वहिनी सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. "बांधावरच्या झाडाची वाटणी कधी सरळ झालीय का?" त्या म्हणाल्या. "आमच्या चिंचेचं अजून चाललंय. दीर म्हणतो, झाड माझ्याकडे कललंय, तर निम्मं माझं."

"कललं म्हनून काय झालं?" ड्रायव्हर म्हणाला. "बुंधा कुठं हाय ते बघायचं."

"बुंधा आमच्याकडेच आहे."

"मंग तुमचं."

"तेच मी सांगते, तर ऐकतोय कोण?"

पाठोपाठ प्रत्येकाला आपापला बांध आठवला. कुणाचं आंब्याचं झाड, कुणाची बोर, कुणाच्या चुलत्याने रातोरात सरकवलेला दगड. आपल्या गल्लीत शेती सोडून आलेलीच माणसं जास्त, पण बांध कुणी सोडलेला नव्हता. या गडबडीत टँकर पुढे आला, कळश्या भरल्या, आणि करणी मागे पडली ती पडलीच. वहिनींनी मात्र तत्त्व सोडलं नाही. संध्याकाळी नातीचं हिरवं नेलपॉलिश आणून दिलं आणि मधलं लिंबू स्वतः उभं राहून रंगवून घेतलं. जाताना म्हणाल्या, "हिरव्याला काही होत नाही."

सकाळी रिक्षातून मीच नमुना मांडीवर धरून नेला, कारण ती वाटभर वहीतली वाक्यं घोकत होती. सर तरुण होते, भले वाटले. मला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. तिच्या आधी एका मुलाने भिंतीवर चित्रं दाखवत अस्खलित इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मग तिचं नाव पुकारलं.

ती उभी राहिली. "रिस्पेक्टेड सर अँड माय डिअर फ्रेंड्स." आणि खिडकीकडे बघू लागली.

मी तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली होती. पहिल्या वाक्याचा पहिला शब्द मी मागून नुसत्या ओठांनी म्हणून दाखवला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. सरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. मग नमुन्याकडे बघून म्हणाले, "हाऊ मेनी ॲटम्स इन दिस सेल? आय काउंट नाइन लेमन्स."

"नो, सर," ती म्हणाली. "टू."

"नाइन आय कॅन सी."

"सर, लेमन ऑन कॉर्नर इज लाइक ट्री ऑन बांध." वर्ग हसला. मी डोळे मिटून घेतले. पण ती थांबली नाही. "फोर फार्मर्स देअर. ट्री इज नॉट ऑफ वन फार्मर. एव्हरी फार्मर टेक वन पार्ट."

"दॅट इज वन-फोर्थ. इन युवर बुक इट इज वन-एट्थ. व्हाय?"

तिने हात नमुन्याच्या वर नेला आणि तिथे हवेतच दुसरा ठोकळा मांडून दाखवला.

"बिकॉज अपस्टेअर्स ऑल्सो फार्म, सर."

आता सरही हसले, पण ते हसणं वेगळं होतं. खाली चार, वर चार, असे आठ वाटेकरी; म्हणजे आठ कोपऱ्यांचं मिळून एकच लिंबू आणि मधलं एक, असे दोन. त्यांनी पुढे विचारलं, तिने सांगितलं. मधल्याला शेजारी किती, कोपऱ्यावरच्याला किती, आणि दोघांना सारखेच का. सबंध इंग्रजीत, आणि त्यातलं एकही क्रियापद माझ्या शाळेत पास झालं नसतं. मी मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले आणि तोंड मिटून ठेवलं. मुलांनो, हे मला किती जड गेलं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

सरांनी गुण लिहिले. म्हणाले, "पास. व्हेरी गुड. परीक्षेत मात्र अपस्टेअर्स लिहू नका." पेनाला टोपण लावलं. "बसा आता."

ती बसली नाही. पुढचा मुलगा लॅपटॉप घेऊन बाकातून निम्मा उठला होता, तो तसाच थांबला.

"सर," ती म्हणाली, "डिफेक्ट्स इज रिमेनिंग. समटाइम्स कॉर्नर लेमन इज नॉट देअर."

आणि तिने फळ्याकडे वळून खडू उचलला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या मुलाला हाताने बसायची खूण केली.