कुंकवाचे सत्तावीस ठिपके

आमच्या सरांचं एक ठाम मत होतं : जे बाटलीत नाही, ते जगात नाही. धुळ्याला त्यांच्या प्रयोगशाळेत भिंतभर बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक साप फॉर्मलिनमध्ये वेटोळं घालून बसलेला. ऐंशीच्या दशकात साप-बेडकांचा अभ्यास म्हणजे हाच. पकडा, मारा, बुडवा, चिठ्ठी लावा. मी जळगावला एका कॉलेजात शिकवायचे, पिंप्राळ्यात राहायचे आणि पीएच.डी. सरांच्या हाताखाली करायचे. एकही साप मारणार नाही, हा माझा हट्ट. सर म्हणायचे, "बाई, तुम्ही प्राणिशास्त्र सोडा आणि कीर्तन करा."

माझं घोडं अडलं ते एका चिंचेपाशी. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, एका केळीच्या मळ्याच्या बांधावर ती जुनी चिंच होती. तिच्या ढोलीत मला तो दिसला. मांजऱ्या साप आमच्याकडे नवा नाही, पण हा नेहमीच्या मांजऱ्याच्या दीडपट लांब, आणि साळुंकीच्या घरट्यातली अंडी आरामात गिळत होता. ही वेगळीच, मोठी जात आहे आणि आपल्या भागात तिची कुणी नोंद केलेली नाही, याबद्दल मला शंका नव्हती. सरांना होती. "साधाच मांजऱ्या आहे, खाऊन माजलाय. वेगळा असेल तर बाटलीत आणा. नाहीतर प्रबंधातलं ते प्रकरण काढा. मी सही करणार नाही."

ते प्रकरण म्हणजे माझ्या चार वर्षांच्या पायपिटीचं सार होतं. ते काढलं असतं तर उरली असती नुसती यादी.

साप बाटलीत आणणं तसं फार सोपं होतं. मी एक शब्द टाकायचा अवकाश. सुरुवातीला मी मळ्याजवळच्या गावात सांगून बसले होते, साप दिसला की मला कळवा. माणसं इतकी अगत्याची की कळवायच्या ऐवजी मारूनच आणायची. माझी मोपेड थांबते न थांबते तोच कुणीतरी काठीवर धामण लटकवून हजर. "मॅडम, तुमनासाठे मारी लई उनूत!" वर चहाचा आग्रह. तो चहा पिताना मला रडू यायचं, कारण त्या धामणीच्या मरणाला मीच कारण होते. शेवटी एकदा चावडीवर सगळ्यांसमोर मी ओरडले, "मला साप नको! सापाची कात मिळाली तर द्या!"

एकानेही दिली नाही. कात घरात ठेवली की बरकत येते, ती कोण देणार? साप द्यायला गाव एका पायावर तयार, कात म्हटली की जो तो आपल्या कामाला.

चिंचेतल्या सापाची कात मळ्याच्या मालकिणीकडे होती. साठीच्या अक्का, मळा एकट्या सांभाळणाऱ्या. चिंचेखाली पडलेली कात त्या दर वर्षी उचलायच्या आणि जुनी नदीत सोडून नवी लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवायच्या. त्यांनी ती माझ्यासमोर उलगडली, तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड. मी हात पुढे केला तशी त्यांनी ट्रंकेचं झाकण धरलं.

"देसू नही. घरनी बरकत शे ती. मोजनं व्हई ते आठेच मोज."

साध्या मांजऱ्याच्या अंगावर मधोमध खवल्यांच्या एकवीसेक ओळी असतात. या मोठ्या जातीला पंचवीसच्या वर. इथेच मोज म्हणाल्या, म्हणून मी ओसरीवरच बसून मोजल्या. सत्तावीस. पुन्हा मोजल्या. सत्तावीसच. मग नुसत्या आनंदाने तिसऱ्यांदा मोजल्या.

सरांना सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्या मोजण्यावर मी का विश्वास ठेवू? कात आणा." मग मात्र माझं डोकं फिरलं. "कात येणार नाही, सर. तुम्ही या." असं त्यांच्याशी कुणी बोलत नसे. पण ते आले, मला खोटं पाडायलाच आले. चोपड्यापर्यंत एस.टी.ने आणि पुढे माझ्या मोपेडवर मागे, भिंग छातीशी धरून.

अक्कांनी कात ओल्या फडक्याने मऊ केली, बाही चढवावी तशी अलगद लाटण्यावर चढवली आणि लाटणं सरांच्या हाती दिलं. "धरा भाऊ, फाडू नका." सर मोजू लागले. चौदापर्यंत गेले आणि चुकले. पुन्हा सुरुवात, एकोणिसावर पुन्हा चुकले. ओल्या कातीवर खवले एकमेकांत मिसळत होते. ते चिडले, चष्मा पुसू लागले. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

अक्का आत गेल्या. कुंकवाचा करंडा आणि काडेपेटीतली एक काडी घेऊन आल्या. सर एकेका ओळीतला एक खवला मोजायचे, अक्का त्यावर एक ठिपका द्यायच्या. मी बाजूला बसून मनातल्या मनात मोजत होते. एकवीस झाले. सरांनी वर पाहिलं नाही. बावीस, तेवीस. पंचविसाला त्यांचा आवाज खाली आला. सत्ताविसाव्या ठिपक्यानंतर पोटाचा रुंद खवला आला आणि मोजायला काही उरलं नाही.

"बाई, तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. इतका आनंद मला पुढे पदवी हातात घेतानाही झाला नाही. त्यांनी त्या प्रकरणावर सही तिथेच केली, मोपेडच्या सीटवर कागद ठेवून.

जाताना मात्र जुनी खोड गेली नाही. "अक्का, ही कात आमच्या संग्रहाला द्या की."

अक्का कात पुसून घडी घालत होत्या. "ही नही मिळावनी. पन साप जित्ता शे ना, भाऊ. पुढला वरीसले परत टाकी. तव्हय या."

पुढच्या वर्षी मी मळ्यावर पोचले तेव्हा सर माझ्या आधीच येऊन बसले होते. बरोबर बाटली नव्हती. चिंचेखाली उकिडवे बसून ते दोन्ही हातांनी पाला चाळत होते, आणि वर ढोलीतून तो त्यांच्याकडे बघत होता.