पुलापलीकडचे वर्धावाले

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या कॉलनीत बबनरावांना वाईट माणूस कुणीच म्हणणार नाही. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. अहो, घोळ तिथेच तर होता.

कॉलनीच्या गेटवर बावीस वर्षं एक नेपाळी चौकीदार होता. सगळे त्याला बहादूर म्हणत. बबनरावांच्या पत्नीला, लीलाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा पोरगी पुण्यात होती आणि शेजारी लग्नाला गेलेले. बहादूरनंच त्यांना उचलून ऑटोत ठेवलं. पुढे सात महिने तो रोज सकाळी यायचा, त्यांना पलंगावरून उठवून अंगणात उन्हाला बसवायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

लीलाबाई गेल्या आणि वर्षाच्या आत कॉलनीनं कॅमेरे लावायचं ठरवलं. आता बहादूर कशाला, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी बबनराव तोंडातून अक्षर न काढता कामावरून कमी केल्याच्या चिठ्ठीवर सही करून मोकळे झाले. चिठ्ठी मराठीत होती, 'कमिटीच्या एकमताने' असं तिच्यात लिहिलेलं. ती हातात देताना मात्र ते बहादूरला म्हणाले, "म्या लय नाई म्हटलं बा. पण कमिटीपुढे माझं काय चालते?"

बहादूर पेटी घेऊन गेला आणि बबनरावांना घर खायला उठलं. कॅमेरे सगळं टिपत होते, पण "साहेब, जेवले का?" असं त्यांतला एकही विचारत नव्हता. ती एक थाप घशात काट्यासारखी रुतून बसली होती. खरं काय ते त्याला एकदा सांगून टाकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दोन वर्षांनी ज्येष्ठ नागरिकांची सहल आदी कैलासला निघाली. वाटेत परमिटासाठी दोन दिवस धारचुल्यात मुक्काम आहे हे कळलं आणि बबनरावांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. बहादूर तिथलाच होता. एकच गाव, पण काली नदीनं दोन देशांत वाटलेलं. अलीकडे भारतातलं धारचुला, पलीकडे नेपाळातलं दार्चुला, मध्ये झुलता पूल.

ओळखपत्र दाखवून ते पूल ओलांडून गेले आणि पहिल्याच चहाच्या टपरीवर अडले. "बहादूर कहाँ रहता है?" टपरीवाली हसायलाच लागली. तिथे बहादूर पायलीचे पन्नास! बावीस वर्षं ज्याच्या हातचा चहा प्यायलो त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, हे तेव्हा बबनरावांच्या ध्यानात आलं. कानकोंडे होऊन ते म्हणाले, "वो वर्धा में काम करते थे।"

"अरे, वर्धावाले! करनसिंगजी!" तिनं लगेच वरच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

वर्ध्यात बावीस वर्षं नेपाळी, आणि स्वतःच्या गावात वर्धावाले. घ्या आता!

करनसिंग त्यांना पाहून उंबऱ्यातच थबकला. "साहेब, तुमी? सांगून तं याचं होतं!" मग तो बोलतच सुटला. बोर धरण भरलं का, केळझरच्या गणपतीला गर्दी तेवढीच असते का. बायको दाराशी उभी राहून नुसती हसत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं. "दोन वर्षं झाले साहेब, ह्या भाषेत बोलाले कोनीच नाई भेटलं," तो म्हणाला.

भिंतीवर जुनं मराठी कॅलेंडर होतं. बबनरावांनी सहज विचारलं, "तुले वाचता येते?"

"बावीस वर्षं तुमच्या दारात पेपर टाकले. टाकाच्या पहिले वाचत होतो."

बबनरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणजे चिठ्ठीतलं 'एकमताने' यानं तेव्हाच वाचलं होतं. सहीही ओळखली असणार. करनसिंगनं मात्र त्याबद्दल शब्द काढला नाही. स्टूल ओढून तो त्यांच्या अगदी समोर येऊन बसला. त्याला साहेबांच्या तोंडून ऐकायचं होतं, हे उघड होतं.

बबनरावांनी ते पुढे पुढे ढकललं. संध्याकाळी पूल बंद व्हायच्या आधी पाव तास सांगू, असं ठरवून ते पावसापाण्याचं बोलत राहिले. घड्याळात नेमका पाव तास उरला तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "करनसिंग, एक बोलाचं होतं..."

तेवढ्यात पुलावर शिट्टी वाजली. नेपाळची वेळ आपल्यापुढे पाव तास, आणि फाटक त्या काठच्या वेळेनं बंद होत होतं. करनसिंग त्यांचा हात धरून पळतच निघाला. फाटकाशी तो धापा टाकत म्हणाला, "उद्या येजा साहेब. मी इथंच बसून राहीन. जे बोलाचं हाय ते उद्या बोलू."

खरं सांगायचं तर पूल ओलांडताना बबनरावांना हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सहलीतली मंडळी पलीकडे बाजाराला गेली. बबनराव म्हणाले, गुडघा दुखतो. हॉटेलच्या खिडकीतून समोरचा काठ स्वच्छ दिसत होता. फाटकाजवळच्या पायरीवर करनसिंग धुतलेला शर्ट घालून बसला होता. पुलावरून कुणी आलं की उठायचा, पुन्हा बसायचा. दुपारी तो जेवायलाही गेला नाही. तीन दिवसांचा प्रवास करून आलेल्या बबनरावांना उरलेली शंभर पावलं टाकता आली नाहीत.

चार वाजता ते उठले आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.