संशोधनाच्या आठ प्रती

सांगतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हा प्रकार मी मेव्हण्याला सांगितला तेव्हा चहा त्याच्या नाकातून आला आणि नवा सदरा कामातून गेला. स्वतःचं हसं करून घ्यायलासुद्धा शिक्षण लागतं हो. मला तर पदव्युत्तर शिक्षण लागलं!

सरकारी कचेरीत माझा जन्म गेला, त्यातला बहुतेक जावक टेबलावर. कचेरीतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा. निवृत्त झालो आणि लक्षात आलं की आता घरातून बाहेर जाणारा कागद म्हणजे फक्त रद्दी. तेव्हा राहून गेलेली एक हौस काढली. मानसशास्त्रात एम. ए. करायचं, बाहेरून.

त्या दिवसांत पेठेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. मुलं क्लासला जायची ती थेट विमानातच बसायची. मी म्हटलं, सगळे यंत्राचं डोकं शिकताहेत, आपण माणसाचं शिकू. त्यावर आमच्या हिने एवढंच विचारलं, की घरात जे एक डोकं हाताशी आहे ते इतक्या वर्षांत समजलं का?

पहिलं वर्ष पार पडलं. दुसऱ्या वर्षी संशोधन आराखडा लिहायचा होता. कशाचा अभ्यास करणार, कसा करणार, त्यातून काय निघेल असं वाटतं, हे सगळं शास्त्रीय भाषेत मांडायचं. मार्गदर्शक मॅडमनी महिनाअखेर मंजूर केला तर परीक्षा, नाही तर वर्ष वाया. विशीतल्या मुलाचं वर्ष गेलं तर घरचे रडतात. साठीच्या माणसाचं गेलं तर अख्खी गल्ली करमणूक करून घेते. आणि मी तर पेठभर पेढ्यांचं कबूल करून बसलो होतो.

मॅडम म्हणजे डॉ. वाघमारे. वयाने माझ्या निम्म्या, पण नजर अशी की तपासणी पथकाने शिकवणी लावावी.

विषय मात्र मला आयता मिळाला. संध्याकाळी नदीकाठच्या बाकांवर आमची बैठक असते. सगळे निवृत्त, सगळ्यांची मुलं नुकतीच अमेरिकेला गेलेली. बैठकीत पहिला विषय मुलाच्या फोनचा. एक म्हणायचा, परवाच आला, अर्धा तास बोलला. दुसरा म्हणायचा, आमचा तर फोन ठेवतच नाही. बँकेतून निवृत्त झालेले परांजपे सांगायचे, शिकागोहून मुलगा आठवड्यातून तीनदा विचारतो, बाबा, जेवलात का? आणि एकदा त्यांच्या सौभाग्यवती मंडईत भेटल्या, तर मलाच विचारतात, ‘अहो, अमेरिकेच्या लाइनी बंद आहेत का हो सध्या?’

कोथिंबिरीच्या गाड्यासमोर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परिकल्पना! ज्या पालकांना परदेशातल्या मुलांचे फोन कमी येतात, ते चारचौघांत फोन जास्त येतात असं सांगतात. कोथिंबीर तिथेच राहिली. मी धावत घरी.

शास्त्रीय लेखनाचे नियम मॅडमनी दिले होते. ‘मी’ म्हणायचं नाही, ‘प्रस्तुत संशोधक’ म्हणायचं. ‘वाटतं’ म्हणायचं नाही, ‘सूचित होते’ म्हणायचं. अहो, ही तर माझी मातृभाषा! कचेरीत मी जन्मात ‘मी’ म्हटलेलं नाही. उद्दिष्टे, व्याप्ती, पद्धती, मर्यादा, पेन नुसतं पळत होतं. ती भाषा इतकी अंगात भिनली की एका सकाळी तोंडातून गेलं, ‘प्रस्तुत संशोधकास चहा मिळेल काय?’

आतून उत्तर आलं, ‘प्रस्तुत संशोधकाने आधी दळण आणावे, असे सूचित होते.’

आता खरी गंमत ऐका. प्रतिसादकांची, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांची नावं गुप्त ठेवावीत, असा एक नियम होता. ठेवली. नावांऐवजी क्रमांक घातले. पण नुसत्या क्रमांकावर कागद भलत्याच माणसाच्या हाती पडायचा. म्हणून प्रत्येक क्रमांकापुढे ओळखीची खूण लिहिली. ‘क्रमांक तीन, निवृत्त बँक अधिकारी, मुलगा शिकागो, माकडटोपी तपकिरी.’

दुसरा नियम, प्रतिसादकांना अभ्यासाची माहिती देऊन त्यांची संमती घ्यावी. माहिती द्यावी म्हणजे काय करावं? तुम्ही म्हणाल, दोन ओळी सांगाव्यात. जावक टेबलावर वाढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ ठाऊक असतो. कागदाच्या शेवटी डाव्या बाजूला ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहायचं, खाली संबंधितांची यादी, आणि कागद रवाना. प्रत न देता कागद बाहेर सोडणं म्हणजे सोवळ्यात चहा पिण्यासारखं. अप्पा बळवंत चौकात जाऊन आठ झेरॉक्स काढल्या. परिकल्पनेसकट, खुणांसकट. मूळ प्रत मॅडमना टपालाने पाठवली आणि बाकीच्या घरोघरी नेऊन दिल्या. पोच घेतली, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी बाकांवर गेलो तर आठही जण हजर आणि आठही गप्प. पुणेकर भांडत असला तर काळजी नसते. गप्प बसला की समजावं, मजकूर तयार होतोय. परांजपे त्या कडाक्याच्या थंडीत उघड्या डोक्याने बसले होते.

शेवटी तेच बोलले. ‘काय संशोधक, आम्ही खोटं बोलतो हे कधीपर्यंत सिद्ध होईल?’

‘अहो, ती नुसती परिकल्पना आहे.’

‘मग घरी ठेवायची. आमच्याकडून पोच कशाला घेतलीत?’

त्यानंतर खुलासे यायला लागले. बैठकीत सरकारी नोकरीतलेच जास्त, त्यामुळे उत्तरं परिच्छेदनिहाय. ‘परिच्छेद चारमधील विधान वस्तुस्थितीस धरून नाही.’ निवृत्त मुख्याध्यापिका बापटबाईंनी माझी प्रत लाल शाईने तपासून ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारून परत केली. आणि सगळ्यांत जास्त कोण दुखावलं असेल? आमच्याच इमारतीतले शिर्के, ज्यांना प्रत मिळालीच नव्हती. त्यांचा मुलगा बंगळूरला, म्हणून मी त्यांना घेतलं नव्हतं. दारात उभे राहून म्हणाले, ‘बंगळूर काय कसब्यात आहे? तोही फोन करत नाही. मग आम्हालाच का वगळलंत?’

पण खरा घोटाळा पुढेच झाला. जो फोन जास्त येतात म्हणेल तो आयताच परिकल्पनेत बसणार, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मग बैठकीने एकजात बाजू बदलली. एक म्हणाला, आमचा फोन येऊन महिना झाला. दुसरा म्हणाला, आमचे दोन झाले. बापटबाई म्हणाल्या, मुलीचा आवाजही आता आठवत नाही. ती मुलगी आदल्याच आठवड्यात सुट्टी संपवून इथून परत गेली होती!

परांजप्यांनी तर कमाल केली. शिकागोहून खरोखरच फोन आला, तर त्यांनी तो बायकोला उचलू दिला नाही. म्हणे, आपलं म्हणणं खोटं पडेल. घंटा वाजून वाजून थांबली. तिकडे मुलगा घाबरला. त्याने बापटबाईंच्या मुलीला फोन केला, तिने आईला केला, आणि आईने तिला माझा आराखडा अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. दोन दिवसांत अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना माझी परिकल्पना पोचली. आठही जणांची मुलं शरमली आणि रोज फोन करायला लागली. संध्याकाळी गल्लीतून जावं तर घराघरांत घंटा. तपासणी व्हायच्या आतच रोग बरा करून टाकणारा मी जगातला पहिला संशोधक असेन. पण आता अभ्यास कशाचा करायचा?

महिना संपत आला होता आणि मॅडमचा निरोप आला, सुट्टीच्या दिवशी घरी या. त्या विश्रांतवाडीला राहतात. हिची मावसबहीणही त्याच बाजूला, म्हणून ही बरोबर आली.

मॅडम भाषेवर खूष होत्या. म्हणाल्या, इतका नेटका आराखडा वर्गात कुणाचाच नाही. मी हिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ऐकतेस ना. तेवढ्यात त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, हे ‘प्रत माहितीसाठी’ काय आहे?

मी अभिमानाने सांगितलं, ‘संबंधितांना दिल्या, मॅडम. पोच आहे.’

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग शांतपणे समजावलं, की माहिती द्यायची म्हणजे आपण काय पडताळणार ते सांगून टाकायचं नसतं. परिकल्पना कळली की माणूस सावध होतो, खरं वागत नाही. हे आठही जण बाद. नवे शोधायला आता दिवस नाहीत. मी बाकांवरची सगळी हकिकत सांगितली. त्या ऐकत होत्या, पण मान नकाराचीच हलत होती. वर्ष गेलं! पेठेतले चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून जायला लागले.

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. चहा पुढे केला आणि विषय बदलायचा म्हणून विचारलं, ‘तुमचा मुलगा काय करतो?’

‘तोही तिकडेच. सिॲटलला, सॉफ्टवेअरमध्ये.’

‘फोन करतो का?’

‘करतो ना. दर रविवारी. न चुकता.’

ही बिस्किट चहात बुडवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘शेवटचा फोन गणपतीत आला होता.’

गणपती होऊन तीन महिने झाले होते.

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाल्या, ‘ही परिकल्पना कुणी लिहिली?’

‘प्रस्तुत संशोधकाने.’

‘मग त्याने ती वाचली असेल?’

‘झेरॉक्सही त्यानेच काढल्या.’

मॅडम अशा हसल्या की आतून त्यांच्या आई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी पेन काढलं. परिकल्पना कळल्यावर कोण काय बोलतं, हाच विषय घ्या म्हणाल्या. आठ जण उलटे फिरले आणि एक जण सगळं ठाऊक असून जागचा हलला नाही, असं आयतं कुठे मिळतं? शिर्क्यांनाही घ्या म्हणाल्या. पहिल्या पानावर मंजुरीची सही केली आणि यादीत सगळ्यांत वर एक क्रमांक माझ्याच हाताने लिहायला लावला. पुढे खूण, ‘मुलगा सिॲटल’.

वर्ष वाचलं! मी उड्या मारायचाच बाकी होतो. पण परतताना रिक्षात मात्र हिच्याकडे बघायची हिंमत होईना. हिने रिक्षाचे सुटे पैसे मोजून हातात ठेवले. मग म्हणाली, ‘दर रविवारी कशाला म्हणालात? महिन्यातून एकदा म्हणायचं. मी बाहेर तेवढंच सांगते, कुणाला शंकासुद्धा येत नाही.’