ओठांवरचं घर

"जा म्हणते ना! भाऊ तिकीट पाठवतोय, अजून काय पाहिजे तुला?"

"मी कशाला जाऊ? मला घर मिळणारेय. तूच सांगितलंस, पडद्यावर येऊन!"

एडना आणि बेसी कडाकडा भांडत होत्या, पण आवाज एकीचाही येत नव्हता. इंग्लंडातल्या बर्न्लीच्या त्या कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे. बाया ओठ मोठाले हलवून बोलत, ओठ बघून ऐकत. काही खासगी असलं की तोंडावर हात धरायचा. नाहीतर सगळ्या खात्यात बातमी.

एडना हॅल्स्टेड तेराव्या वर्षापासून इथे. चार माग, दुखरे गुडघे, लग्न नाही. सांगण्यासारखं आयुष्यात एकदाच घडलं. त्रेचाळीस साली, ऐन लढाईत, लंडनचे सरकारी सिनेमावाले आले आणि त्यांनी नेमका तिचा चेहरा निवडला. माग चालू ठेवूनच चित्र घ्यायचं, आवाज नंतर भरणार होते. "लढाई संपली की प्रत्येकीला घर. न्हाणीघरासकट. पोरांना उजेड, झाडं." तिने ते असं म्हटलं की थिएटरात बाया रडल्या. तेव्हापासून ती 'न्हाणीघराची राणी'.

रडणाऱ्यांत बेसीही होती. सेहेचाळीस साली तिच्या भावाने कॅनडाला बोलावलं, तेव्हा तिने नकार कळवला. आता दोन वर्षांनी दुसरं पत्र ॲप्रनच्या खिशात होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. ओल्या भिंतींच्या त्या खोलीत तिच्या लेकीची, जूनची, छाती सारखी घरघरत होती.

"मी डोळ्यांत खुपते का गं, राणीसाहेब?"

"वेडी आहेस का? जून मरेल त्या ओल्या खोलीत!"

"सरकारवाले डॉक्टर फुकट होईल म्हणाले होते, जुलैत झाला की नाही? तसंच घर होईल. आणि तू काही खोटं बोलणारी नाहीस."

एडनाला तो चित्रीकरणाचा दिवस आठवला. कॅमेऱ्यामागे, पार भिंतीपाशी, दोन कोटवाले बोलत होते. एवढ्या आवाजात कोण ऐकतंय, असं त्यांना वाटलं असणार. एक म्हणाला, "घरं? वीस वर्षं तरी नाहीत. पण बाईचा चेहरा काय सुंदर आहे!" तिने अक्षर न् अक्षर वाचलं. तिला सुंदर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मग इशारा झाला आणि ती बोलली.

सवयीने तिचा हात तोंडाकडे गेला. तिने तो खाली घेतला.

"मला माहीत होतं, बेसी. तेव्हाच. त्यांचे ओठ वाचले होते मी. वीस वर्षं नाहीत म्हणाले. चेहरा सुंदर म्हणाले... म्हणून गप्प बसले गं मी."

आजूबाजूच्या माना वळल्या. बेसी तिच्या ओठांकडे बघत राहिली, ते थांबल्यावरही.

"अगं, शिव्या तरी दे!"

बेसीने आपले चारही माग एकेक करून बंद केले. खिशातलं पत्र चाचपलं. आणि पाठ फिरवली.

एडना गळा फाडून ओरडली, पण पाठमोऱ्या माणसाशी त्या खात्यात कुणालाच बोलता येत नसे. बेसी दाराबाहेर गेली.